पाणी आहे की नाही

दोन वाजून दहा मिनिटांनी भट्टी तिसऱ्यांदा बसली.
उद्यमबागेत डिसेंबरचं धुकं असं,
की गेटवरचा दिवा कुणीतरी फडक्यात गुंडाळून ठेवलाय.
पॅनेलचं दार उघडलं. कंट्रोलर जागा,
हिरवा डोळा शांत,
आणि स्क्रीनवर एकच ओळ :
पाणी नाही.

इराप्पा टाकीकडे धावला,
परतीच्या पाइपखाली मनगटापर्यंत हात धरून ओरडला,
'नीर बराकत्तैती!'
येतंय म्हणे पाणी.
दोघांपैकी खोटं कोण बोलायलंय ते मी ठरवायचं,
आणि तोवर भट्टीत अर्धा टन लोखंड
रंग सोडत चाललेलं :
पिवळं, मग नारिंगी,
मग वाळत घातलेल्या संकेश्वरी मिरचीसारखं.

दस्तगीर मुल्ला, एकोणीस वर्षं या आगीपुढं उभा,
भुवया कधीच्या गेलेल्या, म्हणाला,
'वायर मार की सरळ. पाणी दिसतंय न्हवं?'

बोटभर तांबं लागतं.
दोन टोकं जोडली की कंट्रोलरला कायमचं पाणी दिसेल,
टाकी कोरडी पडली तरी दिसेल,
कॉइल फुटली तरी.
वितळल्या लोखंडात पाणी शिरलं की काय होतं
ते पलीकडच्या शेडच्या पत्र्याला विचारावं.
पण तो पत्रा आता नवा आहे.
मी तुकडा खिशात घातला.
दस्तगीर पचकन थुंकला, काही बोलला नाही.

मग नेहमीचं सगळं.
बॅटरी बदलली. कार्ड काढलं, फुंकलं, बसवलं.
(फुंकू नये असं पुस्तकात आहे. सगळे फुंकतात.)
लॅपटॉप जोडला. लॅडरच्या कडेला मुतगेकरांच्या जुन्या टिपा,
इंग्रजी अक्षरांत मराठी, मधेच कानडी :
'हा टायमर का आहे विचारू नये.'
'नीर स्विच. हळू हात लावणे.'
रिटायर होऊन पाच वर्षं झाली, गावाकडं कोबी लावतात.
फोन केला नाही.
केला असता तर उचलला असता,
तेच अवघड.

तीन वाजता काही सुचेना म्हणून
पॅनेलला कपाळ टेकलं.
गार पत्रा.
आणि कानांच्या आधी कपाळाला कळलं :
धप्प.
शेजारच्या प्लॉटवर फोर्जिंगचा हातोडा,
या आठवड्यापासून त्यांचीही रात्रपाळी.
धप्प. तीन नंबरचा दिवा मिचकला.
धप्प. विझला. लागला.
धप्प.

चाळीस मीटर केबल, हातानं चाचपत,
इराप्पाच्या हातात टॉर्च, माझ्या दातांत टेस्टर.
खांबामागच्या डबीत एकोणीस नंबरचं टर्मिनल.
स्क्रू घट्ट. पण आवरण सोलताना
पाती जरा खोल गेलेली कुणाची तरी,
सात तारांतल्या सहा तुटून
सातवी तेवढी टिकून होती,
हातोडा पडला की सोडायची, पुन्हा धरायची.
वायरवर पांढरी चिकटपट्टी. त्यावर निळ्या पेनानं
एकोणीस, आणि दिवाळीच्या शटडाउनची तारीख.
माझा नऊ असाच येतो, शेपूट डावीकडं वळवून.
इराप्पानं टॉर्च जरा खाली केला.
तेव्हाही टॉर्च त्याच्याच हातात होता.

नवं टोक काढलं, दाबलं, ओढून पाहिलं.
दिवा लागला तो लागलाच.
पलीकडं धप्प, धप्प, इकडं ढिम्म.
दस्तगीरनं भट्टी हळूच चढवली,
मिरचीवरून परत उन्हावर.

पाच वाजता शिफ्टची वही.
'कारण' या रकान्यात मी लिहिलं :
टर्मिनल १९, वायर सैल.
इराप्पाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही.
चहाचा ग्लास वहीवर ठेवत त्यानं विचारलं,
'एन बरद्री?'
वाचून दाखवायला तोंड उघडलं,
आणि कानडीत निघालं ते एवढंच :
'नंद तप्प.'
माझी चूक.

त्यानं मान डोलावली, चहा संपवला.
वहीत अजून वायरच सैल आहे.