दारूची पिंपे, चाळीस

त्या बेटाचं नाव माझ्या जिभेवर ठरत नाही.
नकाशात ते माशीने बसून उठावं एवढं.
काबोच्या छावणीतल्या कप्तानाने नखाने दाखवलं
आणि ते नखाखालीच झाकलं गेलं.
तिथे म्हणे एकशे नव्वद माणसं, सतरा डुकरं, एक घंटा
आणि फरासीस येणार ही भीती.

मी लाडू सिनाय आमोणकर, रायबंदरचा दुभाषी.
इंग्रजांचं पोर्तुगेजांना सांगतो, पोर्तुगेजांचं इंग्रजांना,
माझं मोडीत लिहून ठेवतो
आणि कुणालाच सांगत नाही.

तीनशे बंदुका मुंबईहून आल्या, बावीस चापाविना.
गारगोट्या दोन पोती. शिसं पंचवीस मण.
पेटीत तळाशी कुणीतरी लहान मुलाचे बूट ठेवले होते,
यादीत नव्हते. मी यादीत घातले.

मग सोबत. तारवाला सोबत हवी, आणि सोबतीला तोफा हव्यात.
आग्वादखाली लढाऊ जहाज एकच,
बुडाला किडा, निम्मे खलाशी तापाने आडवे.
त्याचा कप्तान म्हणाला, कोण ते बेट? कुणाचं?
मी म्हटलं, आपल्याच राजाचं, साहेब.
तो बराच वेळ खिडकीतून मांडवी बघत राहिला.
शेवटी दोनशे शहाळी, तीन टोपल्या लिंबं
आणि मुकादमाला नऊ असुर्फ्या यांवर ठरलं:
लखदीव ओलांडेपर्यंत सोबत,
पुढे देव.
पुढे कुठला देव, हे कागदात नाही.

राहिली दारू.
पणेलीच्या कारखान्याला मी चिठ्ठी लिहिली,
घाईत, दिवा विझत असताना, एक ओळ:
*दारूची पिंपे, चाळीस, उत्तम प्रतीची, कोरडी राखणे.*
त्याच रात्री दुसरी चिठ्ठी, छावणीच्या शिपायांसाठी,
दिवाडीच्या भाटकाराला. माडाची. तीही चाळीस.
पोऱ्या एकच होता, चिठ्ठ्या दोन.
पिंपं एकाच बुरुडासारख्या पिंपवाल्याने बांधलेली, मिंगेलने,
एकाच फणसाच्या फळ्या, एकच तांब्याचा पट्टा.

होड्या भरल्या तेव्हा मी वास घ्यायला हवा होता.
मी हिशेब घेत होतो.

तारू गेलं. तिसऱ्या दिवशी छावणीत
कुणी झिंगलं नाही,
कुणी उडालंही नाही.
पिंपं कोठारात कुलपात होती, किल्ली मेजरकडे,
मेजर मडगावला.
मला विचारता येईना. विचारलं असतं
तर विचारलं का, हे विचारलं असतं.

शापोऱ्याची आंजेलीन दर शुक्रवारी येते.
तिचा कायतान त्या तारवावर गेला, वीस वर्षांचा.
ओसरीच्या पायरीवर ओली टोपली ठेवते, म्हणते,
बाब, एकच सांग,
माझा पोर निजतो ती पिंपं कसली?
मी म्हणतो, कोरडी आहेत.
ती सुंगटांचा एक वाटा न मोजता ठेवून जाते.

चौदा महिने.
रात्री मी ते बेट बघतो:
घंटा वाजते, क्षितिजावर फरासिसांची शिडं,
एकशे नव्वद माणसं तोफेच्या तोंडात
दिवाडीचं माड ओततात.
किंवा उलट. सणाची संध्याकाळ,
कुणी हौशी माणूस पिंपाला तोटी ठोकतो,
हातात मशाल.

काल मुंबईहून पत्र आलं.
इंग्रजी मूळ तिकडेच दप्तरी ठेवून
तिथल्या प्रभू कारकुनाने मराठीत मतलब पाठवला,
टपोऱ्या, निष्पाप अक्षरात:

*बेटाचे सुभेदार लिहितात,
दारू पावली. फार उपयोगी पडली.
आणखी चाळीस पाठवणे.*

खाली एक ओळ: मुलाचे बूट कुणाचे, कळले नाही.
कायतानबद्दल काही नाही.

मी टाक बुडवला.
पणेली लिहू की दिवाडी?
शाई टोकाशी जमत राहिली, जड,
आणि उद्या शुक्रवार.