तोंडी लावणं

कावालाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
माझा आर्गिरिस न सांगता हात पुढे करतो.
सात वर्षांचा आहे. शीर कुठे सापडते
हे नव्या नर्सला तोच दाखवतो.

माझ्या बोटांना तारल्यांचा वास.
धक्क्यावर पेट्या उतरवून तसाच आलेलो.
साबणाने जात नाही. लिंबाने थोडा जातो.

डॉक्टर कल्लिरोईंना विचारलं,
पांढऱ्या पेशी आहेत ना याच्या रक्तात?
"आहेत की. भरपूर."
मग?
"जंतू समोर असतो. पण त्या खात नाहीत."

खात नाहीत!
घरी रोजचा तंटा हाच.
नुसता पाव पुढे ठेवला
की पोरगं भिंतीकडे तोंड करून बसतं.

त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलं: ऑप्सोनिन.
शंभरेक वर्षांपूर्वी लंडनच्या डॉक्टरांनी
आमच्याच जुन्या भाषेतून उचललेला शब्द.
शाळेत जुनं ग्रीक मी खिडकीबाहेर बघत काढलं,
म्हणून त्यांनीच सांगितलं:
ऑप्सॉन म्हणजे पाव सोडून पानात जे काही असेल ते.
कांदा, चीज, ऑलिव्ह.
तोंडी लावणं.
जंतूला ते चोपडलं की पेशींना चव लागते.
"याच्या रक्तात नेमकं तेवढंच नाही."

उठता उठता म्हणाल्या,
"समुद्रकाठच्या लोकांना तोंडी लावायला मासाच.
ऑप्सॉनचं ऑप्सारिऑन झालं,
मग झिजत झिजत प्सारी."

प्सारी.
सव्वीस वर्षं धक्क्यावर हेच ओरडतोय मी.
घशाला पाठ होतं,
मला पत्ता नव्हता.

बाटली उलटी टांगलेली. थेंब, मग थेंब.
हजारो अनोळखी दंडांतून जमा झालेलं हे.
त्यात कुणी बस चालवत असेल,
कुणी भावाशी बोलत नसेल,
आणि कुणाच्या गावीही नाही
की आपण कावालात एका पोराला
वाढायला बसलोय.
मी जे विकतो ते बर्फावर मांडता येतं.
हे नाही येत.

संध्याकाळी तारल्या भाजल्या.
काटे काढले, अगदी केसाएवढे सुद्धा.
आर्गिरिसने पावाचा तुकडा तेलात बुडवला,
मासा त्यावर ठेवला, बराच वेळ बघितला.
अर्धा खाल्ला.
अर्धा टेबलाखाली गेला, मांजराला.
मी पाहिलंच नाही असं केलं.