शिपाई

या शाळेत घडीची टेबलं बारा.
जिमच्या लाकडी जमिनीवर ओरखडा उठू नये म्हणून
त्यांच्या पायांना मी जुने टेनिसचे चेंडू कापून बसवलेत.
मंगळवारी एक टेबल भरतीवाल्या सार्जंटचं,
गुरुवारी आठ टेबलं अन्नवाटपाची,
नोव्हेंबरात एक दिवस सगळी बारा मतदानाची.
मांडणारा मीच, पुसणाराही मीच.

लोक टेबल वरून बघतात.
मला ती खालून माहीत आहेत:
वाळलेला च्युइंगगम, गंजकी बिजागरी,
करकटकानं कोरलेलं कुणाचं तरी अर्धं नाव.
सहा नंबरचा एक पाय आखूड.

सार्जंट माणूस वाईट नाही.
टेबल मांडू लागतो, मुलांना नावानं हाक मारतो,
किल्ल्यांच्या साखळ्या फुकट वाटतो;
ज्यांच्याकडे ना गाडी ना घर, त्यांनाही.
त्यानं आणलेल्या दांडीवर टोबी व्राबेलनं
बावीस वेळा स्वतःला वर ओढलं.
आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं मोजलं.
नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून
गावानं एका आवाजात काही मोजलं नव्हतं.

आता गुरुवारी त्याच टेबलापाशी त्याची आई येते.
लोरेटा. वृद्धाश्रमाची रात्रपाळी संपवून थेट,
निळा झगा अंगावर तसाच.
शेंगदाण्याच्या लोण्याची एक बरणी पिशवीत टाकते,
दुसरी उचलते, परत ठेवते.
घे की, मी म्हणतो.
खाणारा कुठाय, ती म्हणते.

एकदा टेकडीवरच्या शाळेत खुर्च्या उसन्या आणायला गेलो.
तिथेही मंगळवार होता, तिथेही टेबलं,
त्यांच्यामागे कॉलेजांची माणसं, गुळगुळीत पत्रकं.
तुमच्याकडे सार्जंट कुठल्या दिवशी येतो, मी विचारलं.
इथे? कशाला?
बाई उद्धटपणे बोलली नाही.
तिला खरंच कळेना.

गेल्या आठवड्यात उमेदवार आला.
बाह्या दुमडलेल्या, पण इस्त्रीची कड शाबूत.
स्वातंत्र्य म्हणाला, त्याग म्हणाला,
'आपण सगळे' सात वेळा म्हणाला.
मागे उभं राहून मोजलं मी. सवयच लागलीय.
आमचा बॉयलर एकसष्ट सालचा,
त्याच्या एका झडपेसाठी नऊ वर्षं अर्ज करतोय.
पैसे नाहीत.
तिकडे वाळवंटावर एका रात्रीत किती बॉयलर पडतात
याचा हिशेब मी कोठीच्या भिंतीवर पेन्सिलीनं मांडला होता.
शून्यं सरकत सरकत दाराच्या चौकटीवर गेली,
तेव्हा पुसून टाकला.
ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं असेलही.
टेकडीपर्यंत धग पोचत नाही,
ऊब मात्र पोचते.

टोबीचं पत्र लोरेटानं मला वाचून दाखवलं,
मधल्या चार ओळी गाळून.
इथे ऊन फार. मोजे पाठव.
आम्ही एका शाळेत राहतो, फळ्यावर कुणाची तरी बेरीज अजून तशीच आहे.
बाकं कुणीतरी जाळली.
मिलोशकाकाला सांग, इथला शिपाई सापडत नाही,
नळ कुठून बंद करायचा कुणालाच माहीत नाही,
पाणी वाहतंय.

त्या रात्री मला झोप नाही.
एका शिपायानं दुसऱ्याची चौकशी केली होती
आणि तिसऱ्याजवळ उत्तर नव्हतं.
नळ बहुधा जिन्याखाली असेल.
आमचा तिथेच आहे.

आज पहाटे पाचला बारा टेबलं उघडली.
सहा नंबरच्या पायाखाली पुठ्ठा दुमडून घातला,
तरी हलतंच.
सहाला दार उघडलं, रांगेत पहिली लोरेटा.
आडोशामागे बराच वेळ उभी.
तिचे बूट तेवढे दिसत होते, रात्रपाळीचे, पांढरे.
बाहेर आली. हातांवर फुंकर घातली.
बॉयलर?
नाही, म्हटलं.
तिनं कोटाचं वरचं बटण लावलं
आणि बससाठी निघाली.
मी ओल्या बुटांचे डाग पुसायला घेतले,
तिचे सोडून.