दहा लांडगे, रोज

पहाटे साडेतीनला सर्व्हर नवा दिवस देतो.
पवननगरात तेव्हा जागं कुणी नाही,
मी सोडून. सेकंड शिफ्टचं तेल अजून नखांत.

म्हातारा वेशीवर उभाच:
"वीरा, गावावर संकट आलंय!"
अरे बाबा, कालच निस्तरलं की.
परवाही. गेल्या अधिकमासातही.
दहा लांडगे, पाच मुळ्या, एक पत्र
विहिरीपलीकडच्या त्याच विधवेला,
जी ते कधी उघडत नाही.

तलवार अकरावर अडकलीय.
बारासाठी चाळीस शिळा, दिवसाला मिळते एक,
आणि चाळीस झाल्या की लोहार
हातोडा मारून म्हणतो, फसलं.
अंबडला माझ्या मशीनवर
शंभरात तीन पीस रिजेक्ट गेले
तर सुपरवायझर हिशोब मागतो.
ह्या लोहाराला कोण विचारणार?

सिन्नरचा वाल्मीक होता जोडीला.
त्याची बारा झाली, तेरा झाली,
मग अपडेट आलं, तेरा भंगारात.
"जाऊ दे रे," एवढंच टाइप केलं त्याने.
यादीत त्याचं नाव आता राखाडी:
शेवटचा दिसला २१२ दिवसांपूर्वी.
हा आकडा मात्र रोज न चुकता वाढतो,
शिळा न मागता.

आज नऊ मारले.
दहावा नेहमीच्या दगडामागून आला
डावा पाय ओढत.
रोज तसाच येत असणार.
मी अंगठा उचलला.
तो चावत राहिला,
माझं रक्त थेंबाथेंबाने उतरू लागलं,
सावकाश. चिलखत चांगलं आहे ना,
दोन वर्षं घातलीत त्यात.

खाली मिसळवाल्याचं शटर वर गेलं
तरी मी जिवंतच.