अंडी दीड पौंड, इंटरनेट पन्नास पेन्स

कॅराव्हॅन उभी केली ती उतारावरच,
चाकांखाली दोन दगड, एक जुनी फळी.
तरी रात्रभर चमचे एका अंगाला घरंगळत राहिले
आणि त्यांच्यामागोमाग आम्ही तिघं.

वेल्सचा हा कोपरा नकाशावर आहे,
फोनवर नाही.
क्लाइव्हने डाँगल खिडकीला चिकटवला, मग छपराला,
मग कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकाला बांधून
कुरणात जाऊन उभा राहिला
गळ टाकून बसल्यासारखा.
एक रेघ आली. मेंढीने मान वर केली.
गेली.

टॅम्सिन तेराची. जिओकॅशिंगचं वेड यंदाचंच.
तिच्या यादीत या खोऱ्यातल्या सात डब्या होत्या,
कुणी कुणी दडवलेल्या,
पुलाच्या पोटात, फाटकाच्या पोकळ नळीत.
ती स्वतः कुठे उभी आहे हे उपग्रह तिला सांगत होते,
पाच पावलं इकडे किंवा तिकडे.
पण डब्यांचे आकडे घरून उतरवून घ्यायचे राहिले.
"तूच म्हणालीस, तिथे मिळेल नेट."
म्हणाले होते खरं.
आपण कुठे आहोत ते पक्कं ठाऊक,
जायचं कुठे ते नाही.
मला हे नवं नव्हतं. मी कप विसळत राहिले.

पबचं वायफाय पबबरोबरच मंगळवारी बंद.
वाचनालय म्हणजे एक गाडी, ती कालच येऊन गेलेली.
चर्चच्या पायरीवर दोन रेघा दिसल्या,
तेवढ्यात समोर सहलीची बस थांबली,
पन्नास फोन एकदम जागे झाले,
आमच्या वाट्याला नुसतं फिरतं चक्र.

मग एका शेताच्या फाटकाशी ही पाटी:
अंडी दीड पौंड. इंटरनेट पन्नास पेन्स.
पैसे बरणीत टाका. कुत्रा चावत नाही.
ई. प्रोबर्ट.

पासवर्ड अंड्यांच्या खोक्याच्या झाकणावर, पेन्सिलीने,
एक लांबलचक शब्द, त्यात मला एकही स्वर दिसेना.
टॅम्सिनने तीनदा चुकवला.
कोंबड्यांमागून बाई आल्या, रबरी बूट, पुरुषी कोट.
"डब्ल्यूसुद्धा स्वरच असतो आमच्यात," म्हणाल्या,
"मोठ्याने म्हण, मग चुकणार नाहीस."
टॅम्सिनने मोठ्याने म्हटला.
गोठ्यातून कुत्रा धावत आला.

खुराड्याच्या भिंतीला पाठ टेकून
(तिथेच येतं, वीतभरही सरकायचं नाही)
सात डब्यांचे आकडे उतरले एकदाचे,
आणि पहिली डबी निघाली चाळीस मीटरवर,
बाईंच्याच कुंपणात.

"हिरवी ना? डावीकडून तिसरा दगड," त्या म्हणाल्या,
आणि दाणे टाकायला वळल्या.

आत एक बटण, खेळण्यातलं चाक, पेन्सिलीचं थोटूक
आणि वही.
लांबलांबचे लोक एकेक ओळ लिहून गेलेले,
लीड्स, उट्रेख्त, मस्त जागा, घाईत आहोत.
आणि मधे मधे, जवळजवळ दर पानावर, तिरक्या अक्षरात:
ई. पी. धुकं.
ई. पी. वही भिजली होती, नवी ठेवली.
ई. पी. लाल टोपीवाल्यांना सापडली नाही. सांगितलं नाही.
ई. पी. बर्फ. कुणी नाही. मी.

"पण एकच डबी पुन्हा पुन्हा मोजता येत नाही,"
टॅम्सिन म्हणाली, "नियम आहे."
"मी मोजत कुठे होते," बाई म्हणाल्या.

टॅम्सिनने आपलं नाव लिहिलं,
मग जरा थांबून, खाली: ऊन. थोडं.

परत आलो तर क्लाइव्ह अजून कुरणातच,
काठी खांद्यावर, भोवती मेंढ्यांचं कोंडाळं.
"मिळालं का?" तो लांबूनच ओरडला.
"सहा," मी म्हटलं,
आणि खोकं वर धरून दाखवलं.