एक जास्तीची फेरी

सकाळी सहाला कालेफोन विझतो,
नेमका एलिसेओच्या डोक्यावर साबण असताना.
तो न्हाणीतून माझ्या नावानं हाका मारतो,
मी ओल्या हातानं काडी ओढते,
तेवढ्यात दूध उतू जातं,
रायेनला तिचा डावा बूट सापडत नाही
आणि उजवा कुत्र्यानं नेलाय
हे अजून कुणाला कळायचंय.
सासूबाई, दोन्या एदुविहिस,
टेबलापाशी बसून ऐकवतात
की त्यांच्या वेळी मुली आपल्या वेण्या आपण घालायच्या.

वाल्पाराइसोत घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी.
आमचं पत्र्याचं, पिवळं.
वरच्या जांभळ्या घरातल्या चादरी
आमच्या कुंडीत ठिबकतात,
आणि कोण कुणावर का रुसलंय
हे भिंतीच सांगतात.
इथं दार लावून घेतलं
तरी एकटं काही होता येत नाही.

आठला मी टेकडी उतरते,
रुळांवरच्या लाकडी डब्यातून.
एक डबा चढतो तेव्हा दुसरा उतरतो,
आमच्या घरातल्या तापासारखा.
ऐंशी सेकंद लागतात.
मला मोजायची खोडच आहे,
दिवसभर बटणं मोजते,
डझन, दीड डझन,
इलॅस्टिक मीटरवर.

संध्याकाळी सहा पाव घेते,
गरम पिशवी कोटाच्या आत, पोटाशी.
डबा वर पोचतो. लोक उतरतात.
मी उतरत नाही.

कधीपासून, ते नका विचारू.
दोन अबुंदियो घंटी वाजवतात,
या फेरीचं नाणं मागत नाहीत,
माझ्याकडे बघतही नाहीत,
आणि या न बघण्याची
मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

डबा पुन्हा खाली, पुन्हा वर.
कचेऱ्यांची छपरं बुडत जातात,
मग क्रेनच्या माना,
मग समुद्र, अख्खा.
बंदरात जागा मिळेस्तोवर
नांगर टाकून थांबलेली जहाजं.
त्यांना कुणी म्हणत नाही,
नुसत्या काय उभ्या आहात.
मी पावाचं टोक मोडते.
ना लोणी, ना आवोकाडो.
वाफ नाकात जाते.
बस, एवढंच.

घरी पाच पाव पोचतात.

जूनमधल्या एका गुरुवारी
धुकं इतकं की काचेपलीकडे काही नव्हतं.
डबा खच्चून भरलेला,
ओल्या लोकरीचा वास,
कुणाच्या तरी छत्रीचं पाणी माझ्या बुटात.
वर पोचलो. सगळे उतरले.
मी राहिले,
आणि समोरच्या कोपऱ्यात एक करडा कोट राहिला.

गुरुवारी त्या चर्चमध्ये जपमाळेला जातात.
गेली चार वर्षं.
गुडघे दुखतात तरी चुकवत नाहीत,
असं आम्ही पाहुण्यांना सांगतो.

मांडीवर साखरेतल्या शेंगदाण्यांची पुडी.
ओठाच्या कडेला साखरेचा कण.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी त्यांच्याकडे.
दुकानातून उशीर होतो म्हणणारी सून
आणि देवाला गेलेली सासू.
बोलायला किती होतं!
त्यांनी फक्त आपली पर्स उचलून
बाकावर जागा केली.

डबा उतरला.
काही दिसत नव्हतं,
नुसता दोराचा करकर आवाज
आणि दूर कुठे तरी भोंगा.
खाली अबुंदियोंनी दारातून मान घातली.
सासूबाईंनी एक बोट वर केलं,
अजून एक.

चढताना त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला,
पाव मधोमध तोडला,
मोठा तुकडा मला दिला.
आयुष्यात पहिल्यांदा.

घरी कालेफोन विझलेलाच,
कुत्रा पलंगाखाली,
नाहुएल गणिताच्या वहीवर डोकं टेकून रडत होता.
एलिसेओनं पिशवी उलटी केली.
पाच?

मी तोंड उघडणार,
तोच कोटाची बटणं सोडत सासूबाई म्हणाल्या,
"तो बेकरीवाला मेला
हल्ली मोजायलाच विसरतो."