तेरा नंबरचा पाना

पाणी खालून येतं, असं सगळे समजतात.
आमच्या होडीत ते वरून शिरलं,
दोर बांधायच्या खुंट्याच्या चार भोकांतून,
थेंब थेंब, दोन वर्षं,
आणि फायबरच्या आतलं प्लायवूड
चहात विसरलेल्या पावासारखं झालं.
बोट दाबलं की बोट आत.

मंगळवार पेठेत शिवलिंगप्पांच्या काउंटरवर
मी तो खुंटा ठेवला.
ह्याच्याखाली काय भरू?
त्यांनी आधी चष्मा पुसला.
मागच्या खेपेचं सिलिकॉन त्यांच्याकडचंच होतं.
"ते बेसिनला रे. उन्हानं कड सोडतंय,
आणि एकदा लागलं की त्या जागी
दुसरं कायबी चिकटत नाही."
खरं होतं. नखांत अजून होतं माझ्या.

मग काळी नळी काढली, पॉलियुरेथेनची, महाग.
"हे धरतं. असं धरतं की उद्या
खुंटा बदलायचा म्हणलास तर डेकच उपटून येईल."
मला उगाच सिद्राम आठवला,
मेव्हणा.
मत्स्यबीजाच्या त्या हिशेबाला तीन वर्षं झाली.
नळी मी परत सरकवली.

शेवटी खालच्या खणातून एक गुंडाळी निघाली,
राखाडी, कागदात लपेटलेली.
"ब्यूटाइल. मागाच्या शेडच्या पत्र्यांना नेतात.
वाळत नाही कधी. काढायचं म्हणलं तर निघतंय."
आपल्या उन्हात वितळलं तर?
त्यांनी तुकडा तोडून शटरच्या लोखंडी पट्टीवर ठेवला.
एप्रिल, दुपारचे दोन.
आम्ही चहा पिऊन आलो.
तुकडा सैलावला होता,
जागा सोडली नव्हती.

हिप्परग्याला, तलावाच्या काठी,
मी भोकं मोठी केली, कुजकं कोरून काढलं,
रेझिन भरलं, सुकू दिलं, पुन्हा भोकं पाडली,
कडेला बशीसारखा उतार दिला
टेपला बसायला.
एवढं एकट्यानं होतं.
पुढं वर एकानं पेचकस धरायचा,
बोल्ट केसभर हलू द्यायचा नाही,
आणि डेकच्या पोटात आडवं पडून
दुसऱ्यानं नट फिरवायचा.
बोल्ट फिरला की टेप पिळवटते. मुसळ केरात.

फोन बहिणीनं उचलला.
"पाना घेऊन ये म्हणाव. तेरा नंबरचा."
आणखी काही बोललो नाही.

तो आला. आत शिरला. बाहेर नुसते तळवे.
धर.
धरलंय.
फिरवू?
पाव फेरा. बास.
खुंट्याभोवती राखाडी ओठ उमटला.

आज एवढंच, मी म्हणालो, उरलेलं परवा.
एका दमात आवळलं तर सगळंच बाहेर पडतं.

"म्हणजे परवा यायचं," आतून आवाज.
"यायचं."

निघताना त्यानं तो ओठ ब्लेडनं कापला,
गोळी वळली, हुंगली,
शर्टाच्या खिशात टाकली.
"घरी पत्र्याला एक भोक आहे."